शेवटची पानं नसलेलं पुस्तक

ह्यांनी आणलं ते जेलच्या लायब्ररीतून,
मोडीत काढलेल्या गठ्ठ्यातलं,
खाकी पँटच्या खिशात दुमडून.
"घे, खुनी पळतोय यात. लफडंपण आहे,"
म्हणाले, आणि बूट चढवून नाईटला गेले.

हिंडलग्याच्या क्वार्टरात रात्रीचे अकरा म्हणजे
भरून वाहणारी टाकी,
शिवलीलाक्कांच्या टीव्हीत कन्नडमधून रडणारी सून,
आणि भिंतीपलीकडे शेकड्यांनी माणसं, झोपलेली.
झोपली असतील तर.

पुस्तकात महाबळेश्वर, सारखा पाऊस, लाईट गेलेली.
शर्वरी एकटी, रेशमी गाऊनमध्ये.
मी स्वेटरवर शाल, पाय पोटाशी.
दार वाजतं. ती उघडते.
अगं बये, कोण म्हणून विचार तरी!
त्याच्या दंडाला गोळी चाटून गेलेली,
डोळे घाऱ्या डोहासारखे (हे तीनदा आलंय),
ती ओढणी फाडून जखम बांधते.
गाऊनवर ओढणी कुठून आली, ते लेखकाला ठाऊक.

मी पाहिलाय एक खुनी.
गेल्या दिवाळीआधी आमची ओल आलेली भिंत
गिलावा करायला आणलेला, पांढऱ्या टोपीत.
"नीर कोड्री, अक्का," म्हणाला.
पाणी पिऊन पेला विसळला, कट्ट्यावर पालथा घातला.
डोळ्यांचं काही सांगता येणार नाही,
मी त्याची नखं बघत होते. सिमेंट होतं त्यांत.

बेचाळीसाव्या पानावर
शर्वरीच्या सोफ्यावर तो निर्धास्त झोपतो.
तिथं समासात पेन्सिलीनं कन्नडमध्ये दोन अक्षरं.
कन्नड मला बसच्या पाट्यांपुरतं येतं,
चिक्कोडी, संकेश्वर, यमकनमर्डी.
तसंच बोट ठेवून लावलं:
सु. ळ्ळु.
खोटं.

पुढं भिंतीवरून उडी मारतो. सुळ्ळु.
तिच्या मिठीत मेलेल्याचा चेहरा विसरतो,
तिथं शब्द नाही. नुसती रेघ,
इतकी दाबून की कागद फाटलाय.
आणि जिथं शर्वरी म्हणते, मी थांबेन तुझ्यासाठी,
तिथं मी वाट बघत होते सुळ्ळुची.
तर तिथं वजाबाकी. चौदातून सहा.
खाली पुन्हा तीच. खोडून पुन्हा.

एकशे अठ्ठाविसाव्या पानाला पुस्तक संपतं.
संपत नाही, फाटतं. शिलाईला धागे तेवढे.
विड्या वळल्या असतील कुणी,
नाहीतर घोंगडीखाली असतील ती पानं,
घडी घालून.

मग दिवा मालवून मी त्याला पळवायला घेतलं.
भिंत उतरला. रताळ्याच्या वेलांत पाय गुंतले.
उचगाव रोडची कुत्री मागं लागली.
शिनोळी गाठली की महाराष्ट्र.
सीमा सरकावी म्हणून सासरे हयातभर मोर्च्यात चालले,
हा एका रात्रीत पोचेल,
आणि तिथं दुसरे पोलीस.
दार उघडणारं कुणी मला काही केल्या सुचेना.

पहाटे कडी वाजली.
"कोण?"
बारा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.
"मी."
पुस्तकातलाही हेच म्हणतो.
"मी म्हणजे?"
बूट हलले. खोकला.
"काय करूलालीस गं आत? थंडी वाजूलालीय."

चहा पिताना विचारलं, आत कुणाकडे असतील हो ती पानं?
"कसली पानं?" म्हणाले, आणि आडवे झाले.

आमचं सगळं मराठीत, भांडणसुद्धा.
पण झोपेत हे कन्नडमध्ये डोकी मोजतात.
नूर हन्नेरडु. नूर हदिमूरु.
एक कमी भरतं कुठंतरी.
थांबतात. कूस बदलतात.
वंदु. एरडु.